दोन प्रतलं एका बिंदूत का भेटत नाहीत?

प्रश्न : सर, दोन प्रतलं छेदतात ती रेषेतच, असं पुस्तकात आहे. पण मी वहीचा कोपरा टेबलाला टेकवला, तर तो एकाच बिंदूत टेकला. मग?
– अकरावीची विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : पोरी, नेमक्या जागी अडलीस, फार बरं वाटलं. प्रतल म्हणजे चहूकडे न संपता पसरलेला सपाट पृष्ठभाग. वहीला काठ असतो, प्रतलाला नसतो. कोपऱ्यापाशी वही संपली. तिचं प्रतल टेबलातून पार खाली गेलेलं आहे.

आता बादलीभर पाणी घे. जुन्या वहीचा पुठ्ठा कोपऱ्याकडून तिरपा धर. कोपरा पाण्याला शिवला तेव्हा बिंदू. बोटभर आत ढकल आणि बाहेर काढ. ओलं-कोरडं जिथं वेगळं होतं, ती कड बघ : सरळ रेघ! पुठ्ठा कसाही तिरपा धर, रेघच येईल.

आमच्या कवेलूच्या घराचं आढंही तसंच, दोन उतारांची सामाईक रेषा. मिरगाआधी कवेलू फेरताना बाबा आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बघायचे.

आता कागदावर. x + y + z = 6 आणि x − y + z = 2 ही दोन प्रतलांची समीकरणं. वजाबाकी केली की y = 2, मग x + z = 4. x काहीही घे, z आपोआप ठरतो. (0, 2, 4) घे, (4, 2, 0) घे, दोन्ही समीकरणांत ठेवून बघ. असे असंख्य बिंदू, सगळे एकाच रेषेवर.

समांतर प्रतलं मात्र भेटतच नाहीत. एक बिंदू सामाईक निघाला, की भिन्न प्रतलांची अख्खी रेषा सामाईक असते.