पुण्याहून आठवडाभर बडोद्याला कामाला जातोय. बॅगेत दारूची एक बाटली नेली तर चालेल का? की तिथे कायदेशीर मिळते?

बाटली पुण्यातच ठेवा. बडोद्यात कायदेशीर मिळते, आणि तुम्ही बाहेरगावचे असल्यामुळे आम्हा इथल्या लोकांपेक्षा सहज मिळते.

मी बडोद्यातच राहतो, मुंबई-पुण्याहून पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच असतो. गंमत म्हणजे दारूबंदीचा कायदा मुळात एकच आहे, जुन्या मुंबई राज्याचा 1949 चा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्राने तो सैल करत नेला, गुजरातने घट्ट धरून ठेवला. परमिट कागदोपत्री तुमच्याकडेही लागतंच, फक्त कोणी मागत नाही. इथे मागतात.

राज्याबाहेरच्या माणसाला व्हिजिटर परमिट मिळतं, साधारण आठवडाभराचं. अर्ज ऑनलाइन होतो. गुजरातबाहेरचा पत्ता असलेलं ओळखपत्र आणि येण्याचं तिकीट जवळ ठेवा. तुमच्या आधारवर इथला पत्ता असेल तर विषय संपला. आम्हाला हवी असेल तर हेल्थ परमिट, तेही चाळिशीनंतर, वैद्यकीय तपासणीचे सोपस्कार करून.

दुकान रस्त्यावर दिसणार नाही. ते बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या आत असतं, त्यामुळे हॉटेल बुक करतानाच फोनवर विचारून घ्या. काउंटरवर परमिट दाखवायचं, किती घेतली याची नोंद होते. हिशेब युनिटमध्ये असतो: व्हिस्की-रमसारख्या कडक दारूची 750 मिलीची एक बाटली म्हणजे एक युनिट. ब्रँड मोजके, किंमत पुण्यापेक्षा चढी. बिल फेकू नका, बाटलीसोबतच ठेवा. प्यायची ती खोलीत. पिऊन रस्त्यावर गोंधळ घातलात तर परमिट वाचवणार नाही.

बॅगेतली बाटली का नको, तर परमिटशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि पिणंही. वलसाड-वापीकडे, दारू खुली असलेल्या दमणहून परतणाऱ्यांना 31 डिसेंबरला नाक्यावर फुंकायला लावतात, बाटली सापडलीच पाहिजे असं नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर दारूची वाहतूक आणि विक्री यांना दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही काही तस्कर नाही, पण ते पोलिसांना पटवण्यात कामाचा आठवडा घालवायचा का?

एक सांगतो, कोणी 'घरपोच देतो' म्हणालं तर नाही म्हणा. जुलै 2022 मध्ये बोटाद भागात विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने 40 हून अधिक माणसं मेली. सीलबंद दिसणाऱ्या बाटलीतही काय भरलंय, हे देणाऱ्यालाच ठाऊक.

आणि परमिट तुमच्या एकट्याचं आहे. ऑफिसातले स्थानिक सहकारी रात्री खोलीवर गप्पा मारायला आले तर त्यांना चहा पाजा. ग्लास त्यांच्या हातात गेला की तेही अडकतात आणि तुम्हीही.

गिफ्ट सिटी या आर्थिक केंद्रातल्या दारूच्या सवलतीबद्दल वाचलं असेल. ती गांधीनगरजवळच्या तेवढ्या भागापुरती आहे, बडोद्याला लागू नाही.