पाळणाघरात माझ्या मुलाला कोण चावलं, हे पालकांनी विचारलं तर ताईंनी नाव सांगावं का?

नाही, नाव सांगू नये. बाकी सगळं मात्र त्याच दिवशी सांगायला हवं. नाव कळलं की दोन घरांत वितुष्ट येतं आणि दीड-दोन वर्षांच्या पोरावर 'चावरा' हा शिक्का बसतो. खरं तर या वयात शब्द अपुरे पडतात म्हणूनही मुलं चावतात. अमेरिकेतल्या एनएईवायसी या संस्थेने १९८९ साली स्वीकारलेली बालशिक्षकांची आचारसंहिताही, आजवरच्या सुधारणांसह, कुटुंबाची माहिती गोपनीय ठेवायला सांगते. नोंदीत वेळ, चावा नेमका कुठे, आधी काय चाललं होतं (बहुतेकदा खेळण्याची ओढाताण), साबण-पाण्याने धुतलं का, एवढं लिहा. दोन्ही मुलांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. एकाच कागदावर लिहिल्या की सही घेताना नाव दिसतंच. मुलाने घरी जाऊन स्वतःच नाव सांगितलं, तर ताईंनी 'हो' किंवा 'नाही', काहीच म्हणू नये.

अपवाद एकच: त्वचा फाटून रक्त आलं असेल, तर चावणाऱ्या मुलाच्याही पालकांना लगेच कळवा आणि दोघांनाही डॉक्टरांना दाखवायला सांगा, कारण संसर्गाचा धोका दोन्हीकडून असतो. डॉक्टरांनी विचारलं तर आवश्यक ती माहिती थेट त्यांनाच द्या.