पावसाळ्यात पहिल्यांदाच सायकल काढताय?

पावसात सगळ्यात आधी जाते ती चेन. भिजून आलात की कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर रात्रीत गंज धरतो. मग पॅडल उलटे फिरवत प्रत्येक रोलरवर, म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या फिरत्या नळीवर, तेलाचा एकच थेंब सोडा. दहा मिनिटांनी बाहेरचे तेल पुसून टाका. हे शेवटचे पुसणेच बहुतेक जण टाळतात. मग चिकट चेनवर बारीक वाळू बसते आणि कानशीसारखी दाते खाते. गंज सोडवायचा स्प्रे तेलाऐवजी मारू नका, तो आतले वंगणच धुऊन काढतो.

महिन्यातून एकदा चेन मोजा. पट्टीचे शून्य कड्या जोडणाऱ्या एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर हवी. दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर चेन झिजून लांबली आहे, ती बदला. उशीर केलात तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संचही, बदलावा लागतो, आणि तो महाग.

रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्यावर, म्हणजे रिमवर, रबरी पॅड दाबणारा) असेल तर ओल्या रिमवर तो उशिरा धरतो, म्हणून लवकर आणि हलका लावा. पॅडमध्ये रुतलेले चमकणारे कण टाचणीने काढा.

रस्त्यावर कडेला चिकटून चालवू नका. तिथे गटाराची झाकणे असतात, शिवाय मागचा गाडीवाला जागा आहे समजून खेटून पुढे काढतो. कडेपासून आणि उभ्या गाड्यांच्या दारांपासूनही मीटरभर अंतर ठेवा. सिग्नलला बसच्या डावीकडे तर कधीच शिरू नका. ती डावीकडे वळली तर ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही.