रेडिओच्या व्हॉल्व्हवर गिटार: वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी लिहिलं होतं, की बंद पडलेल्या व्हॉल्व्ह-रेडिओच्या सामानातून चार-पाच वॉटचा गिटार ॲम्प घरच्या घरी बनवता येतो. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी आठ इथे घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तिथे जिवाशी गाठ आहे.

आजोबांचा १९६०च्या सुमाराचा रेडिओ माळ्यावर पडून आहे. त्याचा ॲम्प करता येईल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

आधी प्लग काढ, मागचा पुठ्ठा उघड आणि बॅटरीच्या उजेडात व्हॉल्व्हवरची नावं वाच. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी ई-ने सुरू होणारी नावं असतील आणि चॅसीवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) मुठीएवढा मेन्स ट्रान्सफॉर्मर असेल, तर बहुतेक कामाचा सेट हाती लागलाय. या व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, ६.३ व्होल्टवर चालतात.

नावं यू-ने सुरू होत असतील, म्हणजे यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५, तर तो एसी-डीसी सेट. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळे हीटर माळेतल्या दिव्यांसारखे एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि घरातल्या विजेची एक तार थेट चॅसीला जाते. रेडिओ म्हणून तो चालून गेला, कारण चॅसी लाकडी किंवा बेकेलाइटच्या पेटीत बंद होती आणि धातूला कुणाचा हात लागत नव्हता. गिटारचं तसं नाही. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. प्लग उलटा बसला की २३० व्होल्टचा फेज तुझ्या बोटांखालच्या तारांवर येतो. असा सेट ॲम्पसाठी वापरायचा नाही. मध्ये कंडेन्सर टाकून भागतं असं कुणी सांगितलं, तर त्याचंही ऐकायचं नाही.

ट्रान्सफॉर्मर दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस, काही सेटमध्ये ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे एकच सलग वाइंडिंग, ती चॅसीला मेन्सपासून वेगळं ठेवत नाही. प्लग भिंतीतून काढलेला, रेडिओचा स्विच चालू, आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या प्रत्येक पिनपासून चॅसीपर्यंत मोज. आकडा येता कामा नये. मग जुनी दोन तारांची दोरी काढून तीन तारांची लाव. अर्थची हिरवी तार चॅसीला नटबोल्टने, रंग खरवडून, घट्ट. फेजमध्ये अर्ध्या ॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज.

आता दुसरी गोष्ट. तो रेडिओ चालत असेल किंवा दुरुस्त होण्यासारखा असेल, तर तो फोडू नकोस. अखंड पेटी, शाबूत काच आणि मूळ बटणं असलेले सेट आता फार उरलेले नाहीत, आणि दुरुस्त झालेल्या सेटवर मीडियम वेव्हचं स्टेशन लागलं की त्याचा आवाज घरात वेगळाच भरतो. ॲम्पसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जा आणि पेटी गेलेली, काच फुटलेली, कॉइल उपटलेली नुसती चॅसी शोध. आपल्याला त्यातलं लोखंड आणि काच हवी आहे, म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि त्यांचे सॉकेट.

माझ्या सेटमध्ये ईबीसी ८१ आणि ईएल ८४ आहेत, ईसीसी ८३ नाही. सर्किट कसं जमवू? (नाशिक)

ईबीसी ८१ वर भागतं. त्यातल्या ट्रायोडचा (गिटारचा संकेत मोठा करणाऱ्या भागाचा) वाढीचा गुणक ७० आहे, प्रत्यक्ष सर्किटमध्ये साधारण ४५ पट वाढ मिळते. गिटारच्या पिकअपमधून ०.१ व्होल्ट आला, तर ट्रायोडनंतर साडेचार व्होल्ट होतात, आणि २५० व्होल्टच्या एचटीवर (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणाऱ्या डीसी व्होल्टेजवर) ईएल ८४ या पॉवर व्हॉल्व्हला पूर्ण ताकद द्यायला जवळपास तेवढेच लागतात. आवाज स्वच्छ येईल, फाटणार नाही.

फाटलेला, खरखरीत सूर हवा असेल तर ट्रायोडचे दोन टप्पे लागतात, म्हणजे ईसीसी ८३ घ्यायचा, त्यात दोन ट्रायोड असतात. फेंडर चँप या छोट्या गिटार ॲम्पची १९५०च्या दशकातली रचना अशीच होती: दोन ट्रायोड, एक पॉवर व्हॉल्व्ह आणि आवाजाचं एकच बटण. इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीला (म्हणजे चॅसीला) आणि ६८ के (किलोओहम) ग्रिडकडे, म्हणजे ट्रायोडच्या संकेत घेणाऱ्या टोकाकडे. प्रत्येक ट्रायोडला प्लेटवर १०० के, कॅथोडवर १.५ के. पहिल्यांदा करणाऱ्याने यापलीकडे टोन कंट्रोलच्या नादी लागू नये.

ईसीएच ८१ काढून त्याच नऊ पिनी सॉकेटमध्ये ईसीसी ८३ बसवता येतो, पण इथेच पुष्कळांची फसगत होते. ईसीएच ८१चा हीटर ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असतो. ईसीसी ८३मध्ये त्याच दोन पिनांमध्ये १२.६ व्होल्टचा पूर्ण हीटर असतो आणि मधलं टोक ९वर. जुन्या वायरिंगवर नुसता व्हॉल्व्ह बदलला तर हीटर अर्ध्या व्होल्टेजवर कसाबसा लालसर होतो, आवाज मेलेला येतो आणि माणूस व्हॉल्व्ह खराब म्हणून दुसरा विकत आणतो. ४ आणि ५ एकत्र जोडा, हीटरची एक तार त्यांना आणि दुसरी ९ला. जुनं इतर वायरिंग सॉकेटवरून पूर्ण काढून टाका.

जुन्या रेकॉर्ड प्लेयरमधला ईसीएल ८२ चालेल का? (कोल्हापूर)

उत्तम चालेल. ट्रायोड आणि पेंटोड एकाच काचेत, जागा कमी, ताकद साधारण तीन वॉट. मात्र मेन्स ट्रान्सफॉर्मरची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे करायचीच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईसीएल ८२ आणि ईएल ८४ अजूनही कधीकधी जुन्या साठ्यात मिळतात. काचेच्या टोकाशी आरशासारखा चकचकीत डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेलीय, घेऊ नका.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर काहीच लिहिलेलं नाही. तो जुळेल की नाही, कसं ओळखायचं? (पुणे)

मोजून. ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सुटा करा. जास्त ओहम दाखवते ती बाजू व्हॉल्व्हची, एखादा ओहमच दाखवते ती स्पीकरची. बारा व्होल्ट एसी देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या (तुमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत कुठेही मिळेल) आणि ते बारा व्होल्ट व्हॉल्व्हच्या बाजूला द्या. स्पीकरच्या बाजूला एसी व्होल्ट वाचा. समजा ०.३३ आले. १२ भागिले ०.३३, म्हणजे ३६. छत्तीसचा वर्ग १२९६. स्पीकर ४ ओहमचा असेल तर गुणाकार ५१८४. ईएल ८४ला २५० व्होल्टवर साधारण ५.२ के लागतात, म्हणजे अगदी चपखल बसला.

यातच एक खुबी आहे. त्याच ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला दहा के दिसतात आणि आवाज पडतो, घट्ट होतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर एकटा चांगला किंवा वाईट नसतो, स्पीकरसकट जोडी मोजायची. आउटपुट ट्रान्सफॉर्मरऐवजी साधा मेन्स ट्रान्सफॉर्मर लावू नका. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो. खऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांमध्ये त्यासाठी बारीक फट ठेवलेली असते. मेन्सवाल्यात ती नसते, आणि खालचे सूर त्यात घुसमटतात.

जुने कंडेन्सर मीटरवर बरोबर दाखवतात. तेच ठेवू का? (अकोला)

नाही. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, तुमच्या सर्किटमध्ये अडीचशे-तीनशे असतात. मेण लावलेला कागदी कंडेन्सर मीटरवर साधूसारखा वागतो आणि एचटी आली की गळतो. ट्रायोडच्या प्लेटपासून ईएल ८४च्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर गळला तर ग्रिडवर धन व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो आणि अंधारात त्याची करडी प्लेट चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल दिसायला लागते. मिनिटभर तसं राहिलं तर व्हॉल्व्ह जातो, आणि दैव वाईट असेल तर सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. तो मिळणं व्हॉल्व्हपेक्षा अवघड.

सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवीन घ्या. कपलिंगला (दोन टप्प्यांच्या मधे) ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा फिल्म. फिल्टरला ४५० व्होल्टचे, पहिला ४७ आणि दुसरा २२ मायक्रोफॅरड. ईझेड ८०नंतरचा पहिला कंडेन्सर ५०च्या वर नेऊ नका, त्या रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) ते झेपत नाही. सगळं लावल्यावर ईएल ८४च्या कॅथोडवरचे व्होल्ट मोजा. कॅथोडला १८० ओहम असतील आणि साडेआठ व्होल्ट आले, तर ४७ मिलिॲम्पिअर. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरला एवढाच भार ठेवा, त्याला जास्त पिळू नका.

ॲम्प वाजतोय, पण सतत घुंईई आवाज येतो. (डोंबिवली)

तुमच्या हातात गिटार आहे, त्यावरच शोधा. जाड ई तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवा. तो स्वर ९८ हर्ट्‌झचा. गुणगुण त्याच्या जवळपास असेल तर ती १०० हर्ट्‌झची, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कमी पडतोय. गुणगुण त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ती ५० हर्ट्‌झची, म्हणजे हीटर, अर्थिंग किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा.

मग ॲम्प बंद करून ट्रायोडचा व्हॉल्व्ह काढा आणि पुन्हा चालू करा. गुणगुण राहिली तर दोष पुढे, पॉवरच्या बाजूला. गेली तर मागे. हीटरच्या दोन्ही तारा वेणीसारख्या पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्या, आणि हीटरच्या वाइंडिंगला मधलं टोक नसेल तर दोन्ही तारांपासून १००-१०० ओहम चॅसीला जोडा. रेडिओत बहुतेकदा हीटरची एक बाजू थेट चॅसीला असते, तो जोड आधी तोडायचा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला काटकोनात फिरवून बघा. नुसत्या फिरवण्याने गुणगुण विरघळताना ऐकली की फार बरं वाटतं.

पाच वॉट फारच कमी नाहीत का? (ठाणे)

फ्लॅटमध्ये भरपूर आहेत. दहा वॉट केले तरी फरक फक्त तीन डेसिबलचा. पैसे चांगल्या आठ किंवा दहा इंची स्पीकरवर घाला. आणि स्पीकर न जोडता ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं.

माझी चौदा वर्षांची मुलगी गिटार वाजवते. तिला हा ॲम्प स्वतः बनवायचाय. हो म्हणू का? (एक आई, मडगाव)

हो म्हणा, पण कामं वाटून घ्या. जुनं वायरिंग काढणं, चॅसीला भोकं पाडणं, सॉकेट बसवणं, रेझिस्टरचे रंग वाचणं, सोल्डरिंग हे सगळं तिने करावं, प्लग दुसऱ्या खोलीत ठेवून. वीज देऊन मोजण्याचं काम मात्र व्हॉल्व्हवर हात बसलेल्या मोठ्या माणसाने करावं. तुमच्या भागात जुना रेडिओ मेकॅनिक असेल तर त्याला बोलवा, आनंदाने येईल.

उमेदवारीच्या दिवसांत मी एकदा प्लग काढला आणि लगेच चॅसीत हात घातला. फिल्टर कंडेन्सर भरलेला होता. दंड संध्याकाळपर्यंत बधिर होता. त्या दिवसापासून मी पहिल्या फिल्टरला समांतर २२० के, २ वॉटचा रेझिस्टर लावल्याशिवाय कुठलाही सेट चालू करत नाही. वर सांगितलेल्या कंडेन्सरांवर तो तीनशे व्होल्ट पंधरा सेकंदांत एकशेदहावर आणतो आणि मिनिटभरात दहाच्या खाली. तरीही दर वेळी मीटर लावून बघायचं, आणि मोजताना डावा हात खिशात.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या, एलईडी चालत नाही. आधी व्हॉल्व्ह न लावता: बल्ब जवळजवळ विझलेला राहिला पाहिजे. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग व्हॉल्व्ह लावा, स्पीकर जोडा, खोलीतला दिवा घालवा आणि दोघी बघत बसा. अर्ध्या मिनिटात हीटर नारिंगी होतील. सगळं ठीक दिसलं की बंद करून बल्ब काढा आणि पुन्हा चालू करा. ईएल ८४च्या काचेवर आतून निळसर झाक दिसली तर घाबरू नका, चांगल्या व्हॉल्व्हमध्येही ती असते. प्लेटच्या आतल्या पोकळीत जांभळा धूर भरल्यासारखा दिसला तर लगेच बंद करा. तसं काही नसेल आणि दहा मिनिटं प्लेट करडीच राहिली, तर तिला गिटारची केबल लावायला सांगा.