सगळ्यात हळू चालणारा पुढे

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

काल अजिंक्यताऱ्यावरून उतरताना तू म्हणालास, "काका, ऑक्टोबरात हर की दून पक्कं. पाचही जण जातोय." मला फार आनंद झाला. रात्री मात्र झोप लागेना, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या दमसासाची मला काळजी नाही. जरंडेश्वर न थांबता चढणारी पोरं तुम्ही. पण आपलं साताराच सुमारे 700 मीटरवर, महाबळेश्वर 1,350च्या आसपास आणि अख्ख्या महाराष्ट्राचं टोक असलेलं कळसूबाई 1,646. उत्तराखंडातली हर की दूनची दरी आहे 3,566 मीटरवर. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या साधारण दोन-तृतीयांश एवढाच प्राणवायू मिळतो. ती विरळ हवा तालीम बघत नाही. रोज पळणाऱ्याला लागते आणि कधी न पळणारा मजेत चालतो, असं मी पाहिलंय.

मला लागली होती. तुझ्याच वयाचा होतो. दुपारपासून डोकं ठणकत होतं, ताट समोर आलं की मळमळायचं. तरी कुणाला बोललो नाही. मित्रांनी वर्षभर पैसे साठवलेले, माझ्यापायी त्यांचा ट्रेक बुडू नये एवढंच मनात. संध्याकाळी पाणी आणायला उठलो तर पाय वाकडे पडायला लागले. आमच्यातल्या एकाने ते पाहिलं. त्याने काठीने मातीत रेघ ओढली आणि म्हणाला, "हिच्यावरून चाल. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत." चार पावलांत माझा दोनदा तोल गेला. तो काहीच बोलला नाही. माझे बूट घेऊन आला आणि नाड्या बांधायला माझ्या पायाशी बसला. बॅटरीच्या उजेडात मला धरून त्याने खाली उतरवलं. सकाळपर्यंत मी सरळ चालू लागलो होतो. उंचीवर असा तोल जाणं ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. रात्र तिथेच काढली असती तर आज हे पत्र लिहायला मी नसतो.

म्हणून पोरा, गाडीत बसायच्या आधी पाचही जणांनी एकमेकांना शब्द द्या, की डोकं दुखलं तर लपवायचं नाही. आणि कुणाला उतरावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, हे इथे साताऱ्यातच ठरवा. वर गेल्यावर ते ठरवणं फार जड जातं. डोकेदुखी असेल तर त्या दिवशी वर चढायचं नाही. वाढली, तोल गेला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. ती घेतली म्हणजे वर चढत राहायची मुभा मिळाली, असं समजू नका.

हर की दूनहून समोर स्वर्गारोहिणी शिखर दिसेल, 6,252 मीटर. पांडव त्याच वाटेने स्वर्गाला गेले असं मानतात. द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज मागे न बघता चालत राहिला. ती गोष्ट मी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकली, पण तो डोंगर प्रत्यक्ष पाहताना मला मागे राहिलेल्यांचंच वाईट वाटत होतं. तुम्ही मागे बघा. त्याहून बरं म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घाला आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चाला.

3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा दंडक आहे. वाटेतल्या ओसला गावाहून थेट वर गेलात तर एका दिवसात हजारेक मीटर होतात. मध्ये कलकत्तीधारला मुक्काम करा, एक दिवस जास्त गेला तरी चालेल. पायथ्याच्या सांक्री गावातलाच एखादा माहीतगार वाटाड्या घ्या आणि त्याने "आज नको" म्हटलं की वाद घालू नका. सांक्रीच्या पुढे मोबाइलचा भरवसा नाही, हे आईला आधीच सांगून ठेव. ऑक्टोबर निवडलात ते छान केलंत. आपल्याला आषाढ-श्रावणातला ट्रेक म्हणजे पर्वणी वाटते, पण तिकडे त्या दिवसांत दरडी कोसळतात. नवे बूट मात्र आत्ताच घ्या आणि रोज तेच घालून किल्ल्यावर या, ते कुठे चावतात हे चढताना नाही, उतरताना कळेल.

गोवा एक्स्प्रेस साताऱ्यातून थेट निजामुद्दीनला जाते, तिकिटं लवकर काढा. आणि निघायच्या आधीच्या रविवारी पाचही जण भरलेल्या सॅक घेऊन सकाळी सहाला चार भिंतीच्या टेकडीवर या. मी प्रत्येकाची सॅक उघडून बघणार आहे.

तुझा,
काका