पिंपळावरची वाघळं आणि कोरोना: डॉक्टरांना विचारा

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. वाड्यामागे जुना पिंपळ आहे, त्यावर वाघळं नुसती लगडलेली असतात. शेजारचे म्हणतायत कोरोना यांच्यापासूनच आला, झाडच तोडून टाकू, आणि आमचे हे पण त्यांच्याच बाजूचे. खरंच धोका आहे का?

उत्तर: ताई, झाडाला हात लावू देऊ नका. तुमच्याकडची ती कोल्ह्यासारख्या तोंडाची, फळं खाणारी मोठी वाघळं. कोविडच्या विषाणूचे जवळचे भाऊबंद सापडलेत ते किडे खाणाऱ्या चिमुकल्या वटवाघळांत, त्यांच्या नाकावर घोड्याच्या नालेसारखी कातडी असते, आणि तेही चीनच्या युनानमध्ये नि लाओसमध्ये. लाओसमधल्या एका विषाणूची जनुकं तर कोविडच्या विषाणूशी जवळजवळ ९७ टक्के जुळतात, पण उरलेला फरक पडायला कित्येक वर्षं जातात, म्हणजे तो जसाच्या तसा आपल्यात आला असं नाही.

वाघूळ आणि माणूस यांच्या मध्ये बहुतेकदा एखादं जनावर असतं. २००२ मध्ये चीनमधल्या ग्वांगडाँगला सार्स, म्हणजे कोरोनाच्याच घराण्यातला श्वासाचा आजार, सुरू झाला तेव्हा तिथल्या बाजारात पिंजऱ्यात विकायला ठेवलेल्या उदमांजरांत तसाच विषाणू सापडला. २०१२ चा मर्स, तोही त्याच घराण्यातला, उंटांकडून आला, आणि निदान झालेल्यांपैकी तिघांत एक दगावला. कोविडचा मधला प्राणी मात्र अजून हाती लागलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) समितीने २०२५ मध्ये सांगितलं की पुराव्याचं वजन प्राण्यांकडून आल्याच्या बाजूला जास्त आहे, पण चीनने सगळी माहिती दिली नाही म्हणून लॅबमधून निसटल्याची शक्यताही खोडता येत नाही. व्हॉट्सॅपवरचे लोक केव्हाच निकाल लावून मोकळे झालेत, ते सोडा.

आता आपल्या वाघळांचं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेला २०२० मध्ये केरळ, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचलमधल्या वाघळांत कोरोनाविषाणू मिळाले होते, पण ते कोविडचे नव्हेत, आणि त्यांनी माणूस आजारी पडल्याचा पुरावा नाही. फळखाऊ वाघळांचं नाव येतं ते निपाह या दुसऱ्याच विषाणूच्या जीवघेण्या आजारात, २०१८ ला केरळात कोझिकोडला झाला तो. तेव्हा घाबरायचं नाही पण उष्टा, कुरतडलेला पेरू-चिकू खायचा नाही, नुसता धुवून तर नाहीच नाही. आवारातली वाळलेली घाण झाडण्याआधी पाणी मारा, तोंडाला फडकं बांधा. खाली पडलेलं वाघूळ, जिवंत असो की मेलेलं, पोरांना हात लावू देऊ नका.

झाड तोडलं तर ती बिथरून अख्ख्या गल्लीत पांगतील, आणि तणावाखालचा प्राणी विषाणू जास्त सोडतो असंही दिसलंय. ह्यांना एवढं जरूर सांगा.