गणपतीतले आरतीचे फोटो अंधारे आलेत. एडिटिंगचा काहीच अनुभव नाही, तर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते कसे उजळावेत?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: मखर आणि लायटिंग छान आलंय पण आरतीला उभी असलेली घरची माणसं काळी पडलीत, लॅपटॉपवर ब्राइटनेस वाढवला की फोटो राख फासल्यासारखा दिसतो, आणि सॉफ्टवेअरवर पैसे घालायचे नाहीत. मी धंद्याने फोटोग्राफर नाही, पण आमच्या घरात प्रत्येक कार्यात कॅमेरा माझ्याच गळ्यात असतो. त्यामुळे तुमचं दुखणं मला नेमकं ठाऊक आहे.

आधी तो ब्राइटनेस सोडा. बऱ्याच साध्या सॉफ्टवेअरमध्ये तो स्लायडर सगळ्याच गोष्टींना वर ढकलतो. चेहरा उजळतो, पण त्याचबरोबर केस, चंद्रकळेचा काळा रंग, पाटाखालची सावली हेही वर येतं आणि राखाडी होतं. फोटोत कुठेतरी खरं काळं असावंच लागतं. ते गेलं की डोळ्याला सगळं धुरातून पाहिल्यासारखं वाटतं. तुमची राख ती हीच.

माणसं काळी का पडली, तेही सांगते, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरच्या दृश्यातल्या उजेडाचा अंदाज घेतो आणि एकंदरीत फोटो मध्यम राखाडीच्या आसपास बसवायला बघतो. तुमच्या दृश्यात मखराला एलईडीची माळ, मूर्तीवर फोकस, वर पांढरी झालर. कॅमेऱ्याला वाटलं, इथे तर लख्ख उजेड आहे. त्याने उजेड कमी घेतला. गणपती बरोबर आला आणि त्याच्याकडे तोंड करून अर्धवट वळलेली आजी अंधारात गेली. पांढऱ्या कपड्यातल्या वारकऱ्यांचे फोटो राखाडी येतात त्याचं कारणही हेच, फक्त तिथे दिव्यांऐवजी धोतर-टोप्या असतात.

आता सॉफ्टवेअर. लॅपटॉप आहे तर गिम्प घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दिसायला जरा रुक्ष आहे, पण तुम्हाला त्यातल्या चारच गोष्टी लागणार आहेत. मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून मगच सुरुवात करा. हे मी आईच्या आवाजात सांगतेय असं समजा.

फोटो उघडा, वर कलर्स मेनू, त्यात लेव्हल्स. एक डोंगरासारखा आलेख दिसेल, त्याला हिस्टोग्राम म्हणतात. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि जिथे डोंगर उंच तिथल्या छटा फोटोत जास्त. हा आलेख वाचायला शिकलात की निम्मं काम झालं, कारण अंधारे फोटो दोन जातींचे असतात आणि त्यांचं औषध वेगळं आहे.

पहिली जात: सगळाच फोटो अंधारा. समजा विसर्जनाला संध्याकाळी उशीर झाला आणि नदीकाठी काढलेले फोटो. सगळा डोंगर डावीकडे गोळा झालेला, उजवीकडचा अर्धा भाग रिकामं माळरान. इथे आलेखाखालच्या तीन त्रिकोणांपैकी उजवीकडचा पांढरा त्रिकोण धरून डावीकडे सरकवत डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणा. फोटो एकदम श्वास घेतल्यासारखा खुलतो. पायथ्याच्या आत मात्र शिरू नका, शिरलात तर उजळ भाग कागदासारखे कोरे पडतात. असे फोटो एका मिनिटात होतात.

दुसरी जात तुमची. डावीकडे मोठा डोंगर, मध्ये जवळजवळ काही नाही आणि अगदी उजव्या कडेला एक बारीक सुळका. तो सुळका म्हणजे माळेचे दिवे. ते आधीच पूर्ण पांढरे झालेत, त्यामुळे पांढरा त्रिकोण सरकवायला जागाच नाही. सरकवला तर दिव्यांबरोबर मूर्तीचा मुकुटही जळेल. इथे मधला, राखाडी त्रिकोण डावीकडे न्या. त्याच्या खालचा आकडा १.०० असतो, तो १.३ किंवा १.४ पर्यंत जाऊ द्या. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच राहतं, मधल्या छटा वर येतात. चेहरे डावीकडच्या त्या डोंगरातच, पूर्ण काळ्याच्या थोडं वर अडकलेले असतात.

१.४ वर नाही भागलं तर माणूस १.८ करतो, मग २. मीही करायचे. तिथेच फोटो बिघडतो, कारण अंधारात राहायला हवी ती भिंत, कोपऱ्यातल्या खुर्च्या, पडद्यामागचं कपाट हे सगळं आरती बघायला पुढे येतं. पूर्ण फोटो एवढा उजळायचं कारणच नसतं, तीन चेहरे उजळायचे असतात.

त्यासाठी लेयर आणि मास्क. नावं ऐकून घाबरू नका. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला दुसरा थर, आणि मास्क म्हणजे त्या थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा पडदा. उजवीकडच्या लेयर्सच्या यादीत तुमचा फोटो दिसेल. त्याची डुप्लिकेट करा. वरच्या प्रतीचा मोड 'नॉर्मल'वरून 'स्क्रीन' करा. एकावर एक दोन प्रोजेक्टरचा उजेड पाडावा तसा फोटो उजळेल. यात पूर्ण काळं काळंच राहतं, हे स्क्रीनचं वैशिष्ट्य. आता वरच्या लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क, त्यात काळा निवडा. उजळपणा गायब होईल. तो गेला नाही, झाकला गेलाय. आता मऊ कडेचा मोठा ब्रश घ्या, रंग पांढरा, ओपॅसिटी (म्हणजे रंगाचा जोर) ३० च्या आसपास, आणि चेहऱ्यावरून फिरवा. जिथे पांढरं फिरेल तिथेच उजेड पडेल. बटण सोडून पुन्हा फिरवलं की अजून थोडा चढेल. जास्त झालं तर काळा रंग घेऊन त्याच जागी फिरवा, उतरेल.

एक ठेच आधीच सांगून ठेवते. ब्रश फिरवण्याआधी यादीतल्या मास्कच्या छोट्या काळ्या चौकोनावर क्लिक केलेलं असलं पाहिजे. नाहीतर ब्रश फोटोवरच चालतो. मी पहिल्यांदा मामाच्या गालावर असा चुना फासला होता आणि दहा मिनिटं मला कळलंच नाही की मामा उजळतोय का रंगतोय. कंट्रोल झेड दाबा, मास्कवर क्लिक करा, पुन्हा सुरू.

ब्रश चेहऱ्यापुरताच फिरवू नका, गळा, खांदा, निरंजन धरलेला हात असा उजेड वाहत गेला पाहिजे. नाहीतर चेहरा गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखा आतून पेटलेला दिसतो. निरंजनाच्या बाजूचा गाल थोडा जास्त आणि पलीकडचा कमी ठेवा. उजेड खरा तिकडूनच येत होता.

उजळल्यावर एक नवीन भानगड दिसेल: चेहरे पिवळे-केशरी. पिवळेपणा आधीही होताच, अंधारात दिसत नव्हता. लेव्हल्समध्येच तीन ड्रॉपर असतात. त्यातला राखाडीचा ड्रॉपर घेऊन फोटोत जी वस्तू मुळात पांढरी किंवा राखाडी आहे तिच्यावर क्लिक करा. काकांची टोपी, सदऱ्याची सावलीतली बाही, काहीही चालेल, फक्त ती जागा जळून कोरी पडलेली नको. एका क्लिकला जमलं नाही तर दुसऱ्या जागी करून बघा. मात्र पिवळेपणा पूर्ण धुऊन टाकू नका. समईच्या उजेडातली माणसं ट्यूबलाइटखाली बसल्यासारखी दिसली तर ती घरची वाटत नाहीत. हा माझा आग्रह आहे, नियम नव्हे.

दुसरी भानगड दाण्यांची. अंधारातून वर खेचलेल्या भागात रवा पसरल्यासारखे रंगीत ठिपके दिसतात. तिथे मुळात उजेडच कमी पोचला होता, त्यामुळे तुम्ही चेहऱ्याबरोबर कॅमेऱ्याची खरखरही वाढवलीत. फिल्टर्समध्ये एन्हान्स, त्यात नॉइझ रिडक्शन आहे. थोडंच वापरा. जास्त वापरलं की सुरकुत्या जातात आणि आजी मेणाची होते. दाणे असलेली आजी परवडली. आणि फारच दाणे आले तर फोटो सरळ कृष्णधवल करा. रंगीत ठिपके खटकतात, तेच काळ्या-पांढऱ्यात जुन्या फिल्मसारखे वाटतात. माझे दोन-तीन फोटो असेच वाचलेत, आणि लोकांना वाटतं मी मुद्दाम केलंय.

किती अंधार परत आणता येतो हे फाइलवर आहे. तुमच्या फाइली जेपेग असणार. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. फोटो दोन स्टॉप कमी उजेडात आला, म्हणजे हव्या त्याच्या पाव उजेड मिळाला, तर साधारण खालच्या निम्म्याच छटा वापरल्या गेल्या. त्या ताणून पूर्ण लांबीवर पसरल्या की मध्ये फटी पडतात. लेव्हल्स लावल्यानंतर पुन्हा आलेख उघडून बघा, डोंगराची फणी झालेली दिसेल. भिंतीवर पट्टे उमटतात ते त्यामुळे. तुमच्या कॅमेऱ्यात रॉ नावाचा, टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवणारा पर्याय असेल तर पुढच्या वेळी तो चालू करा. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, दोन स्टॉप कमी पडले तरी ४,०९६ उरतात. गिम्प रॉ थेट उघडत नाही, त्याला डार्कटेबल किंवा रॉथेरपी लागतं, तीही फुकट. कॅनन आणि निकॉन आपापल्या कॅमेऱ्यांसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देतात, नवख्या माणसाला ते जास्त सोपं जातं.

मोबाइलवरच करायचं असेल तर स्नॅपसीड. ट्यून इमेजमध्ये ब्राइटनेसला हात न लावता शॅडोज वाढवा, हायलाइट्स थोडे कमी करा. मग सिलेक्टिव्ह घेऊन चेहऱ्यावर टिचकी मारा, दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठं करा आणि तेवढ्याच जागेचा ब्राइटनेस वाढवा. मास्कचंच काम, ब्रशशिवाय. चाळीस फोटो असतील तर तीस असेच उरकतील. गिम्पची मेहनत फ्रेम करण्यासारख्या चार-पाच फोटोंवरच घ्या.

आता माझा पराक्रम. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिला दिव्यांनी ओवाळलं, तेव्हा आत्याने हॉलमधले लाइट बंद करायला लावले होते. फोटो अंधारे आले. मी तेव्हा नुकतीच एडिटिंग शिकले होते, म्हणजे अंगात आलेलं होतं. रात्री बसून सगळे फोटो असे उजळले की मागची प्लॅस्टिकची खुर्ची, स्विचबोर्ड, दाराआड जांभई देणारा चुलतभाऊ, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आजीच्या हिरव्या नऊवारीवर जांभळे डाग उमटले होते, तेही मला खपले. दुसऱ्या दिवशी आजीला दाखवले. तिने चष्मा लावून दोन फोटो बघितले आणि विचारलं, "दिवे कुठं गेले गं?" दिवे होते की, सगळे होते. पण भोवतीचा अंधारच मी पुसून टाकला होता, त्यामुळे ते दिवे म्हणून दिसतच नव्हते. मूळ प्रत मी ठेवली होती म्हणून निभावलं. पुन्हा केले तेव्हा फक्त आजीचा चेहरा आणि ताम्हन धरलेले हात उजळले, बाकी अंधार होता तसा राहू दिला. तो फोटो आज आमच्या बैठकीत आहे.

त्याची पहिली प्रिंटही काळी आली होती, आणि चूक माझीच. रात्री अंधाऱ्या खोलीत स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून काम केलं होतं. पेटलेल्या स्क्रीनवर सगळंच उजळ वाटतं, कागद स्वतः पेटत नाही. दिवसा, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून काम करा, नाइट मोड चालू असेल तर बंद करा, आणि आधी एकच चार बाय सहाची प्रिंट काढून बघा. गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ फाइल तयार होते. तिच्यात लेयर आणि मास्क शाबूत राहतात, तेव्हा ती जपून ठेवा. लोकांना द्यायला मात्र एक्स्पोर्ट करून जेपेग काढा, क्वालिटी ९० च्या वर. फॅमिली ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि तुम्ही कष्टाने उजळलेला भाग पहिला फाटतो.

पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा, कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड जास्त-कमी घ्यायला सांगणारी सेटिंग, अधिक १ करा. आणि एका फोटोपुरती मखराची माळ बंद करायला सांगा. पोरं ओरडतील, ओरडू द्या, तेवढ्यात फोटो होतो.